भिंतीकडे तोंड करून

या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा ते चुकून माझ्याकडे आलं असंच मला वाटलं. कामाच्या आठवणी लिहाव्यात त्या पेन्शन घेतलेल्या फौजदारांनी, डॉक्टरांनी, जन्मभर कचेरीत बसलेल्या माणसांनी. मी अजून अमरावतीला कॉलेजात शिकतो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. माझ्या नावावर काम म्हणावं असं एवढंच, की चार वर्षं सुट्यांमध्ये मी वाशीमच्या एका इंग्रजी शाळेत परीक्षा घेतल्या. पत्र घेऊन मी त्या शाळेच्या हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि आपल्या बसक्या आवाजात म्हणाले, "काम केलंय ना? मग लिहा. जे झालं तेवढंच लिहा."

म्हणून लिहितो. कुठे चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी ही परीक्षा कसली ते सांगायला हवं. आमच्या भागात पुष्कळ नोकऱ्या अशा आहेत की माणसाला इंग्रजी बोलता आलं नाही तरी चालतं, पण ऐकून समजलं पाहिजे आणि समोर आलेला कागद वाचता आला पाहिजे. ठेसनावरचा तारबाबू, दवाखान्यातला कंपाउंडर, कापसाच्या जिनिंगमधला कारकून. यातल्या बहुतेकांनी मॅट्रिकची पायरी पाहिलेली नसते. अशा बाहेरच्या माणसांसाठी आमची शाळा वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत, ऐकण्याची आणि वाचण्याची परीक्षा घेई आणि दाखला देई. शाळेचा शिक्का असल्यामुळे त्या दाखल्याला मान होता.

ही परीक्षा हेडमास्तर स्वतः घेत. पण त्यांचा घसा बसला तो कायमचा. शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज त्यांना हवा होता. मी त्याच शाळेचा विद्यार्थी, नुकताच कॉलेजात गेलेलो. त्यांनी मला बोलावून घेतलं.

काम सोपं दिसतं. सकाळी ऐकण्याची परीक्षा. दहा-बारा ओळींचा उतारा तीनदा वाचायचा. पहिल्यांदा सगळा सलग, बैल पाण्यावर जाताना चालतो त्या चालीनं. दुसऱ्यांदा तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यानंतर तीन श्वास थांबून. तिसऱ्यांदा पुन्हा सलग. मग उमेदवारांनी त्यावरच्या पाच प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहायची. दुपारी वाचन, एकेकाला आत बोलावून. त्यात दोन उतारे असत. पहिला शाळेच्या इंग्रजी दुसऱ्या पुस्तकातला, भीती मोडण्यासाठी. दुसरा कुणी न पाहिलेला, एखादी नोटीस किंवा जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा.

अवघड होता तो हेडमास्तरांचा एक नियम. परीक्षकानं खुर्ची उलटी करून भिंतीकडे तोंड करून बसायचं. उमेदवाराचं नाव विचारायचं नाही, नंबर तेवढा विचारायचा. त्यांचं म्हणणं असं, की वाचणारा माणूस पुस्तकात कमी आणि परीक्षकाच्या भुवयांत जास्त वाचतो. भुवई वर गेली की तो लगेच शब्द बदलतो. आणि परीक्षकसुद्धा समोरच्याचं पागोटं, अंगरखा, जात, गाव पाहून अर्धे मार्क आधीच देऊन बसतो. "तोंड पाहून टिळा लावायचा तर तो देवळात लावा," असं ते म्हणत. नावांची यादी त्यांच्या टेबलाच्या खणात असे आणि किल्ली त्यांच्या जानव्याला.

म्हणून चार वर्षं मी माणसं पाहिली नाहीत, ऐकली. माझ्यासमोर असे एक पांढरी भिंत, तिच्यावर नकाशा काढून घेतल्यानंतर उरलेला एक खिळा, आणि उजव्या हाताला शाळेच्या मैदानाकडची खिडकी. टाक कागदावर चालतोय की नुसता दौतीत बुडतोय, हे मला पाठीमागून कळू लागलं. उतारा समजलेला माणूस दुसऱ्या वाचनानंतर खाकरतो आणि न समजलेला अगदी गप्प होतो, हेही कळलं.

काही मंडळी लक्षात राहिली. मालेगावचा एक शिपाई होता. त्याला बढती हवी होती. इंग्रजी म्हणजे हुकूम, एवढंच त्याला ठाऊक. मी उतारा वाचू लागलो की माझ्या पाठीमागे बुटांच्या टाचा एकमेकींवर आपटत. बाजारात आंबे विकणाऱ्या बाईवरचा उतारा त्यानं सबंध उभ्यानं ऐकला. पाचांपैकी चार उत्तरं बरोबर होती.

मंगरूळपीरचा एक कंपाउंडर होता. त्यानं आठ वर्षं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या. त्याचा आवाज फार गोड. पण कुठलाही उतारा वाचताना वाक्य संपत आलं की त्याच्या तोंडून सवयीनं निघून जाई, की दिवसातून तीनदा, जेवणानंतर. राजा प्रधानाला म्हणाला, दिवसातून तीनदा. मी भिंतीकडे पाहत हसू दाबलं, पण खांदे हलले असावेत, कारण तो थांबून म्हणाला, "मास्तर, तुमची तब्येत बरी हाय ना?" मी हे सांगितल्यावर हेडमास्तरांनी त्याला पास केलं. म्हणाले, शब्द न शब्द वाचलाय, वर पदरचा घातलाय.

मी स्वतः कोण मोठा इंग्रजीचा जाणकार होतो असं कुणी समजू नये. अमरावतीला कॉलेजात पहिल्या दिवशी प्रोफेसर बोलू लागले तेव्हा माझ्या वहीत तासाभरात नऊ शब्द उतरले होते. एक शब्द निसटला की मन त्याच्या मागे धावतं आणि तोवर पुढचे चार निघून जातात. वर्गात मागच्या बाकावर बसून मी रडकुंडीला येई आणि मग आठवे की मला हे ऐकणं शिकवलं कुणी नाही, मी उलट दुसऱ्याला ऐकवत आलो. तो दुसरा म्हणजे माझा थोरला भाऊ.

आता जे सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल आहे.

आमचं गाव अनसिंगपासून तीन मैलांवर, वीस-पंचवीस घरांचं. थोडी शेती. सखाराम माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊच म्हणतो. मराठी दुसरीनंतर त्यानं शाळा सोडली, कारण बाबांना औतामागे माणूस हवा होता. पुढे तो अनसिंगच्या ठेसनावर हमालीला जाऊ लागला. मी अनसिंगच्या शाळेत होतो. तिथले एक मास्तर शाळा भरण्याआधी तीन-चार मुलांना इंग्रजी शिकवत. एका पावसाळ्यात माझ्या पायाला नारू झाला. पाय भोपळ्यासारखा सुजला. शाळा सुटणार असं सगळ्यांनी धरलं होतं. भाऊ म्हणाला, "मले जायाचंच हाय. हा पाठीवर बसला तं काय ओझं हाय?"

तो सबंध पावसाळा आणि पुढचा अर्धा हिवाळा मी त्याच्या पाठीवर बसून शाळेत गेलो. तीन मैल जायचं, तीन मैल यायचं, वाटेत एक नाला. दोन्ही हातांनी तो माझे पाय धरी. माझे हात मोकळे. मी इंग्रजीचं दुसरं पुस्तक त्याच्या डोक्यावर टेकवून मोठ्यानं वाचत असे. वाक्य झालं की त्याचा अर्थ सांगे, मास्तरांनी सांगितलेला असेल तर बरोबर, नसेल तर मनाचा. तो म्हणायचा, "पुन्हा म्हन." मी पुन्हा म्हणे. नाल्यात उतरताना तो मला गप्प करी, कारण पाय कुठे ठेवायचा ते त्याला पाण्याच्या आवाजावरून कळे. पलीकडे लागला की म्हणे, "हां, आता सोड गाडी." संक्रांतीपर्यंत पुस्तकातले सगळे धडे त्याला पाठ झाले होते, माझ्याच चालीत, मी जिथे दम घेई तिथे दम घेऊन. ते पुस्तक त्यानं मात्र कधी हातात धरलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यावर होतं.

त्या पुस्तकात एक पान नव्हतं. आमच्याकडे ते आलं तेव्हाच नव्हतं, आधीच्या मालकानं कशाची तरी पुडी बांधली असेल. तिसाव्या पृष्ठानंतर एकदम तेहेतीस. धडा होता एका म्हाताऱ्या नावाड्याचा. धुकं पडलेलं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही, लोक नावेत बसतात आणि नाव पाण्यात सुटते. इथे तिसावं पृष्ठ संपे. तेहेतिसाव्या पृष्ठावर सगळे पलीकडच्या काठावर शेकोटीशी बसून अंग शेकत असत. ते पोचले कसे, हे आम्हांला कधी कळलं नाही. अनसिंगच्या मास्तरांनी तो धडा शिकवलाच नाही आणि दुसऱ्या मुलांकडे पुस्तक नव्हतं, तीच माझ्या पुस्तकात पाहत. भाऊला त्या हरवलेल्या पानाचा फार नाद. रोज नवी गोष्ट रची. कधी म्हणे, नावाड्यानं दोर बांधला असंल. कधी म्हणे, पलीकडून कोनी हाक मारली असंल. मी म्हणे, भाऊ, मोठा झालो की पुरं पुस्तक पाहून सांगीन.

वाशीमच्या शाळेत गेल्यावर मला पुरं पुस्तक मिळालं. ते पान मी वाचलं. आता घरी गेलो की सांगू असं ठरवलं. पण त्या खेपेला घरी बहिणीच्या लग्नाची गडबड होती, पुढच्या खेपेला मी परीक्षेच्या काळजीत, आणि नंतर ते राहूनच गेलं. त्यानंही विचारलं नाही. लहानपणीची गोष्ट, कोण लक्षात ठेवतो, असं मला वाटलं. एवढी एक चूक मी केली, आणि ती मला फार दिवस कळलीसुद्धा नाही.

भाऊ ठेसनावर हमाल होता, पण कान उघडे असलेला. ठेसनमास्तर परप्रांतातले होते. वरचे साहेब तपासणीला आले की त्यांचं आपसांतलं इंग्रजी बोलणं भाऊला समजे. एकदा साहेबानं मालडब्याबद्दल काही म्हटलं आणि कुणी भाषांतर करून सांगायच्या आत भाऊनं तो डबा खोलून दिला. ठेसनमास्तर चकित झाले. म्हणाले, सखाराम, वाशीमच्या शाळेचा दाखला आण, मी तुझं नाव तारेच्या कामाच्या शिक्षणाला पाठवतो. हमालीतून तारबाबू. आमच्या आसपासच्या गावांत असं कुणाचं झालं नव्हतं. पाठवायची मुदत दिवाळीपर्यंतच होती.

हे सगळं मला नंतर कळलं. त्यानं मला काहीही कळवलं नाही.

कॉलेजातलं माझं दुसरं वर्ष होतं. दिवाळीच्या सुटीतली परीक्षा. सात उमेदवार. सकाळी मी तीनदा उतारा वाचला. दुसऱ्या वाचनानंतर कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं मला ओळखीचं वाटलं, पण शेतावर काम करणारी सगळीच माणसं तसं खाकरतात, असं म्हणून मी सोडून दिलं. उत्तरांचे कागद हेडमास्तर तपासायला घेऊन गेले.

दुपारी वाचन सुरू झालं. पाचवा उमेदवार अनवाणी आत आला. नुसती पावलं ऐकली आणि मी ओळखलं, हा भाऊ. ज्या पाठीवर बसून मी तीन-तीन मैल गेलो त्या चालीचा झोका मला कळणार नाही असं कसं होईल? मी नियमाप्रमाणे नंबर विचारला. तो म्हणाला, "पाच." बस्स, एवढंच.

टेबलावर पुस्तक ठेवलेलं होतं. चिठ्ठी उचलून मी धडा सांगायचा. माझ्या हातात चिठ्ठी आली ती नावाड्याच्या धड्याची. मी धडा आणि पृष्ठ सांगितलं. पानं उलटल्याचा आवाज आला, सावकाश, आकडे बघत बघत. आणि मग त्यानं सुरुवात केली.

काय वाचलं त्यानं! अडखळणं नाही, घाई नाही. भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहत मी ऐकत होतो आणि मला माझाच नऊ-दहा वर्षांचा आवाज ऐकू येत होता. मी जिथे दम घेत होतो तिथे तो दम घेत होता. एका जागी मी नेहमी पाय हलवून बसायचो, तिथेही तो क्षणभर थांबला. धुकं पडलं. लोक नावेत बसले. नाव सुटली.

आणि पुढच्याच वाक्याला सगळे पलीकडे शेकोटीशी बसले.

शाळेचं पुस्तक पुरं होतं. एकतीस आणि बत्तीस ही पृष्ठं त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्यानं ते वाचलं नाही, कारण तो वाचत नव्हता. मला वाटलं तो मागे येईल, पान दिसेल, चूक उमगेल. मी मनातल्या मनात म्हणत होतो, भाऊ, मागं ये. तो धडा शेवटपर्यंत म्हणून गेला आणि थांबला. नाव नदीच्या मधोमध सोडून आम्ही दोघं पुन्हा एकदा पलीकडे पोचलो होतो.

त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. एक पान गळलं हे जगात फक्त मला कळलं होतं. मी पास लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. मी दुसरा उतारा वाचायला सांगितला. रेल्वेची एक नोटीस होती, सहा ओळींची. तिच्यात लिहिलं होतं की अमुक पूल दुरुस्तीला असल्यामुळे गाड्या थांबवून मगच सोडाव्यात.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एक-दोन सुटी अक्षरं त्यानं लावून पाहिली. मालडब्यांवर असतात तेवढी अक्षरं त्याला येत होती. मग तो अगदी हळू म्हणाला, "मास्तर, हे मले नाई येत."

मास्तर म्हणाला तो मला. घरी हाक मारतो तसं नाम्या म्हणाला नाही. त्यानं पुस्तक मिटून नीट टेबलाच्या कडेला लावून ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. मी वळलो नाही. नियम होता म्हणून वळलो नाही असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. आज लिहिताना सांगतो, वळायची माझी हिंमत झाली नाही. तो दाराबाहेर गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. मैदान ओलांडून तो जात होता. त्याची ती रुंद पाठ मी एवढ्या लांबून पहिल्यांदाच पाहत होतो. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

मी वहीत लिहिलं, नंबर पाच, वाचन येत नाही.

संध्याकाळी हेडमास्तर कागद घेऊन आले. ते खुशीत होते. नंबर पाचनं पाचही उत्तरं बरोबर लिहिली आहेत, मोडक्या अक्षरात, पण पाचही बरोबर. इतक्या वर्षांत बाहेरच्या उमेदवाराला हे जमलेलं नाही. मग त्यांनी माझी वही पाहिली आणि विचारलं, पहिला उतारा त्यानं पाठ म्हटला हे तुम्हांला कसं कळलं? मी म्हणालो, मधलं एक पान गाळलं. ते म्हणाले, पाठ करून घेणारानं गाळलं असेल. मी मान हलवली. तो पाठ करून घेणारा मी, हे माझ्या तोंडून निघालं नाही. दाखल्यावर लिहिलं गेलं, ऐकण्यात उत्तम, वाचन नाही. अशा दाखल्याचा ठेसनावर काही उपयोग नव्हता.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शेजारशेजारच्या ओळीत ओटी बांधून वेचत होतो. खाली वाकलेले, एकमेकांचं तोंड न दिसणारे. बोंड खुडता खुडता तोच म्हणाला, "तुही पाठ मी आल्याबरोबर वळखली. डाव्या खांद्याकून वाकडा बसतं तू. लहानपनापासून."

मी विचारलं, "मंग बोलला काहून नाही?"

"कायदा हाय ना तुमचा. नाव सांगू नोको म्हून." थोडं पुढे सरकून म्हणाला, "आन् आधी सांगतलं असतं, तं तुले जड गेलं असतं. पास केलं तरी जड, नाई केलं तरी जड."

मला पुढे वेचता येईना. मी म्हणालो, भाऊ, मी तुला ते पान आधी सांगायला हवं होतं. त्यानं कंबर सरळ केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"सांगतलं असतं तं मी पास झालो असतो," तो म्हणाला. "मंग एखाद दिवशी तो पुलाचा कागद माह्या हातात आला असता. थे बरं झालं असतं काय?" आणि मग, लहानपणी विचारायचा त्याच आवाजात, "पन हाय तरी काय रे त्या पानात?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं हात वर केला. "नोको. थांब. आता नोको सांगू. आता मी वाचीन कवातरी."

मी त्याला शिकवीन असं ठरवलं. सुटीचे आठ दिवस उरले होते. रोज दुपारी बांधावर बसून आम्ही अक्षरं घेतली. तो हळूहळू लावू लागला होता. मग कॉलेज उघडलं आणि मी निघालो. उन्हाळ्यात पुढचं पाहू म्हटलं.

उन्हाळ्यात तो घरी नव्हता. लढाई सुरू होती. रूळ टाकायला आणि गाड्या चालवायला सरकारला माणसं हवी होती. अकोल्याला भरती होती. तिथल्या गोऱ्या साहेबानं रांगेतल्या माणसांना इंग्रजीत चार-पाच कामं सांगितली. बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले आणि भाऊनं ती करून दाखवली. तिथे वाचायला कुणी काही दिलं नाही. त्याला ताबडतोब घेतलं. माझा निरोप घ्यायला तो अमरावतीला येणार होता, पण गाडी दुसऱ्या बाजूनं गेली.

त्याला आता दोन वर्षं होत आली. तो समुद्रापलीकडे आहे, नेमका कुठे ते पत्रात लिहू देत नाहीत. त्याची पत्रं येत ती दुसऱ्याच्या अक्षरात, मराठीत, ठरावीक मजकुराची. मी खुशाल आहे. मायची तब्येत कशी आहे. नामदेवानं अभ्यास करावा. ती वाचताना मला त्याचा आवाज ऐकू येत नसे. आवाजावरून माणसं ओळखायची सवय झालेल्या माझ्यासारख्याला त्याचं फार वाईट वाटे. कॉलेजच्या वाटेवर कुणी अनवाणी मागून आलं की अजूनही मी वळून पाहतो. आता वळतो.

परीक्षा मी अजून घेतो. नियम तोच आहे आणि तो चांगला आहे असंच मी म्हणेन. फक्त उमेदवार जायला निघाला की मी उठतो, खुर्ची फिरवतो आणि दारापर्यंत त्याच्याबरोबर जातो. हेडमास्तरांनी हे पाहिलं. त्यांनी ते चालू दिलं.

या भादव्यात घरी एक मोठं पाकीट आलं. मी सुटीवर होतो. आत नेहमीचं पत्र नव्हतं. एकच कागद, पलटणीतला, लांबरुंद. वर मधोमध आकडा घातलेला, एकतीस. खाली इंग्रजी अक्षरं, मोठी, सुटी सुटी, शाईनं जपून काढलेली. ओळी छापील पुस्तकात जिथे तुटतात तिथेच तुटलेल्या. मागच्या बाजूला आकडा बत्तीस. आणि अगदी तळाशी मराठीत, त्याच्या स्वतःच्या हातची एक ओळ. पलटनीच्या शाळेत हे पुस्तक सापडले, वाचून लिहिले आहे, कोनाले विचारले नाही.

माय चुलीपाशी होती. तिनं विचारलं, काय लिहिलं? येतो कवा म्हून लिहिलं काय? मी म्हणालो, तसं काही लिहिलं नाही माय. ती म्हणाली, "एवढा मोठा कागद भरवला, आन् तेवढं नाई लिहिलं? वाच बरं मले."

मी तिच्यासमोर बसलो. तिच्याकडे तोंड करून. पहिल्यांदा सगळं सलग वाचलं, आमच्या कामातल्यासारखं, बैल पाण्यावर जातो त्या चालीनं. मायला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण ती हात थांबवून ऐकत राहिली. दुसऱ्यांदा तुकडे पाडून वाचलं आणि प्रत्येक तुकड्याचा अर्थ सांगितला. धुकं एवढं दाट होतं की नावेच्या टोकाला बसलेला माणूस शेपटाकडच्याला दिसत नव्हता. लोक घाबरून बोलू लागले. नावाड्यानं सगळ्यांना गप्प केलं. तो म्हणाला, मला डोळ्यांनी दिसत नाही हे खरं आहे, पण खोल पाण्याचा आवाज वेगळा आणि उथळ पाण्याचा वेगळा, तो मला ऐकू द्या. सगळे गप्प झाले. तो ऐकत ऐकत वल्हवत राहिला. मग वाळूला नाव घासल्याचा आवाज आला.

माय म्हणाली, "आपल्या नाल्यात असाच करायचा थो. तुले गप करायचा."

मी मान हलवली. मग तिसऱ्यांदा, नियमाप्रमाणे, पुन्हा सलग वाचलं. यावेळी वाचताना माझ्या चालीत मला दुसरीच चाल ऐकू आली. ती माझी नव्हती. ज्यानं एकेक अक्षर लावून ही वाक्यं पहिल्यांदा वाचली होती त्याची ती असावी.

वाचून झालं तेव्हा मायनं विचारलं, "पोचले ना मंग सारे?"

"पोचले, माय."

"मंग थो बी येते," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आमचं जुनं पुस्तक फळीवर होतं. ते काढून मी तिसाव्या पृष्ठानंतर तो कागद ठेवला. कागद पुस्तकापेक्षा मोठा आहे, तिन्ही बाजूंनी बाहेर दिसतो. मी तो दुमडला नाही. भाऊ येईल तेव्हा पुस्तक त्याच्या हातात देणार आहे, आणि या खेपेला ऐकणार मी.